सरव्याच्या रानातला निसर्गपाठ

निसर्ग शिकवायची पेटी आमच्या शाळेत आली, तेव्हा हेडमास्तरांनी तिला हळदकुंकू लावून आत घेतलं. मराठवाडा मुंबई राज्यात जाऊन एक-दोन वर्षं झाली होती, आणि तिकडून जे येईल ते ओवाळून घ्यायचं ही त्यांची रीत होती. निजामाच्या अमलात हेच गृहस्थ तालुक्याच्या साहेबापुढं वाकून वाकून उर्दू बोलत. आता ते 'इथं'ला 'येथे' म्हणायला लागले होते, आणि पोरांनी 'व्हय' म्हटलं की हातावर छडी मारत होते. अमल बदलला, टोपी बदलली, कंबर मात्र वाकलेलीच राहिली. मला त्यांचा तेव्हाही राग येई, आणि आज ते हयात नसतानाही माझं मत बदललेलं नाही.

मी त्या शाळेतली एकटी बाई. माहेर तुळजापूरचं, वडील कचेरीत कारकून. येरमाळ्यापासून दोन कोसांवरच्या त्या गावात मला नेमलं होतं ते मुली शाळेत आणण्यासाठी. मुली येत, नाही असं नाही. पहिलीत पुष्कळ येत, दुसरीत निम्म्या राहत, तिसरीत त्यांची लग्नं ठरत. त्या वर्षी चौथीपर्यंत पोचलेली मुलगी एकच होती.

पेटीत एक भिंग होतं, फुलपाखरं पकडायची जाळी होती, पानं दाबून ठेवायचे पुठ्ठे होते, आणि वसंत ऋतूचा एक मोठा रंगीत तक्ता होता. तक्त्यावर हिरवंगार कुरण, त्यात गुबगुबीत मुलं, सगळ्यांच्या पायांत बूट आणि मोजे. शिवाय शिक्षकांसाठी एक मार्गदर्शिका. तीत लिहिलं होतं की वसंतात सृष्टी हिरवी होते, झरे वाहतात, तेव्हा शिक्षकांनी मुलांना जवळच्या वनराईत न्यावं. हे लिहिणाऱ्यानं फाल्गुनात आमच्याकडं येऊन बघायला हवं होतं. ज्वारी काढलेली काळी रानं, त्यांत पायात घुसणारी धसकटं, भेगा, आणि कोरडा ओढा. हिरवं म्हणायला बाभळी. पण ते पुस्तक छापील होतं आणि वरून आलं होतं, त्यामुळं चूक असलीच तर ती आमच्या रानाची होती.

जाळी हेडमास्तरांच्या घरी गेली. त्यांच्या मंडळींनी वाळत घातलेल्या पापडांवर ती पालथी घातली, म्हणजे कावळे शिवू नयेत. त्या पेटीचा कुणाला उपयोग झाला असेल तर एवढाच.

मग निरोप आला की शिक्षण खात्याचे खुद्द साहेब येणार आणि उघड्यावरचा निसर्गपाठ स्वतः घेऊन दाखवणार. हेडमास्तरांना तुळजापूरला बदली हवी होती. देवीच्या पायाशी राहायचं म्हणत, पण तिथं त्यांचं घर आणि इनामाची जमीन होती. साहेब खूश झाले तर काम होईल, असा त्यांचा हिशेब. झालं, दोन दिवस ते वसंत शोधत गावाभोवती फिरले. शेवटी ओढ्याकाठच्या एका रानाच्या बांधावर त्यांना फुललेले दोन पळस सापडले.

ते रान गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याचं होतं, आणि घोळ तिथंच झाला. त्या रानातली ज्वारी नुकतीच काढून खळ्यावर गेली होती. काढणी झाली की रानात गळलेली, राहून गेलेली कणसं गोरगरिबांनी वेचून न्यायची असतात. त्याला सरवा म्हणतात. मालक हटकत नाही, कुणाला विचारावं लागत नाही. पण तो दिवस एकच. एक दिवस माणसांचा, मग गुरं सोडतात, आणि गुरं फिरली की रानात दाणा राहत नाही. हेडमास्तरांनी निसर्गपाठासाठी धरला तो नेमका त्या रानाचा सरव्याचा दिवस होता. मालकाला त्यांनी सांगितलं की साहेबांसमोर रानात बायकांची गर्दी नको. मालकाचा मुलगा शाळेत होता, त्यामुळं मालक लगेच कबूल झाला. सकाळ शाळेला दिली, आणि ऊन चढलं की गुरं, असं ठरलं.

"दिवस दुसरा धरा," मी हेडमास्तरांना म्हणाले.

"बाई, साहेबांचा दौरा काय आपल्या हातात आहे?"

"मग रान दुसरं बघा. लोकांचा सरवा आहे तो."

"दुसरीकडे पळस नाही," ते म्हणाले. इनामदाराच्या घरात जन्मलेला माणूस. सरवा म्हणजे काय हे त्याला मी सांगायला नको होतं.

मला काळजी होती ती त्या चौथीतल्या मुलीची. तिचा बाप बार्शीच्या गिरणीत गेला तो तिकडचाच झाला. आई रोज दुसऱ्याच्या काढणीला जायची, आणि सरवा वेचायचं काम मुलीचं. त्या ज्वारीवर त्यांचे उन्हाळ्याचे दिवस निघत. पोरगी हुशार होती, आणि नुसती हुशार नव्हे, तिचा शिकवण्यावर विश्वास होता. मी फळ्यावर लिहिलेलं ती घरी जाऊन आईला शिकवायची. तिला चौथीच्या परीक्षेला बसवायचं, पुढं सातवी करवून मास्तरीण करायचं, असं मी मनाशी धरलं होतं. दुसऱ्या कशासाठी मी त्या गावात राहिले असते असं मला वाटत नाही.

आदल्या संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. आई चुलीपुढं होती.

"तुमचा पाठ व्हायला किती येळ लागंल, बाई?"

"साहेब सकाळी लवकर येणार आहेत. ऊन चढायच्या आत होईल. पाठ त्याच रानात आहे. झाला की ती वेचील."

"आन् गुरं?"

"ऊन चढल्यावर सोडणार."

तिनं भाकरी उलटली. "बगा बाई, म्या उगं आडवी येत न्हाय. सरवा घरात आला तर परीक्षा हुईपतोर पोरगी तुमची. न्हाय आला तर होळी झाली की माझ्यासंगं खडीवर. सडकंचं काम चालू हाय, लहान हातालाबी काम देतेत." मुलगी तोंडात बोट घालून माझ्याकडं बघत होती. मी तिला म्हणाले, कणसं बांधायला चवाळं घेऊन ये, आणि घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी जो प्रकार झाला तो आठवला की मला आजही हसू येतं, आणि ते हसू काही चांगलं नाही. सुगीचे दिवस, त्यामुळं शाळेतली निम्मी पोरं पहाटेपासून रानातच होती. कुणी पेंढ्या बांधत होतं, कुणी पाखरं हाकत होतं. हेडमास्तरांनी माणसं पाठवून ती सगळी रानातून गोळा केली, शाळेत आणून कोंडली, हातपाय धुवायला लावले, हजेरी घेतली, आणि मग दोन-दोनची रांग करून परत रानात नेली, निसर्ग दाखवायला. वाटेत सरव्याला आलेल्या बायका भेटल्या. त्यांना मालकाच्या गड्यानं बांधावरूनच परत लावलं होतं. त्यांनी मास्तराचा जो उद्धार केला तो हेडमास्तरांनी ऐकू न आल्यासारखं करून ऐकला.

तक्ता पळसाला टांगला. हिरव्या कुरणातली ती बूटवाली मुलं आमच्या काळ्या रानाकडं बघत हसत बसली. आमची पोरं अनवाणी, धसकटं चुकवत उभी. साहेबांचा पत्ता नव्हता. ऊन वर आलं तरी नव्हता. नंतर कळलं की येरमाळ्याला देवीचं दर्शन झालं, मग तिथल्या कुणा प्रतिष्ठिताकडं फराळ झाला, मग पान झालं.

त्या वेळात मुलगी वेचायला लागली. कुणी सांगितलं नव्हतं. परकराचा ओचा केला आणि धसकटांच्या ओळीमागून ओळ धरून ती वाकून चालत राहिली. ओचा भरला की बांधावर पसरलेल्या चवाळ्यावर रिकामा करायची. हेडमास्तर रस्त्याकडं डोळे लावून बसले होते, त्यांचं लक्ष नव्हतं. माझं होतं, आणि मला इतकं बरं वाटत होतं की साहेब संध्याकाळपर्यंत आले नाहीत तरी चालतील असं मी मनात म्हणत होते. चवाळ्यावर चांगला ढीग झाला तेव्हा ब्लॉक कचेरीची जीप साहेबांना घेऊन आली.

साहेब पुण्याकडचे. इस्त्रीची पॅन्ट, डोक्यावर हॅट, डोळ्यांवर काळा चष्मा. वसंताचे रंग दाखवायला आलेला माणूस काळ्या चष्म्यातून बघत होता. त्यांनी पोरांना विचारलं, "मुलांनो, आपण कोठे आलो आहोत?"

"रानात," पोरं ओरडली.

"रानात नव्हे. निसर्गात."

हेडमास्तरांनी अशी मान डोलावली की मला वाटलं टोपी पडेल. मग साहेबांनी वसंतावर बोलायला सुरुवात केली. कोकिळा, मंद वारा, नवी पालवी. पोरांच्या मानेवरून घाम गळत होता. मग मार्गदर्शिकेतल्याप्रमाणं त्यांनी सगळ्यांना निसर्गातल्या वस्तू गोळा करून आणायला सांगितलं. कुणी पळसाची फुलं आणली, कुणी पीस, कुणी गारगोटी, एकानं शेणकिडा आणला तेव्हा साहेब दोन पावलं मागं सरले. आणि मग त्यांना चवाळं दिसलं.

"अरे वा! इतकं कुणी जमवलं?"

मुलगी पुढं झाली. तिचं तोंड फुललं होतं.

"छान. पण आता सांग, फुलपाखरू फुलातून किती मध घेतं? सगळा घेतं का?" ती नाही म्हणाली. "मग आपणही निसर्गाकडून एकच नमुना घ्यायचा. बाकीचं जिथलं तिथं परत ठेवायचं. ते पाखरांचं आहे, मुंग्यांचं आहे. हाच आजचा पाठ."

मी पुढं गेले. "साहेब, तो सरवा आहे."

"सरवा म्हणजे?" त्यांनी हेडमास्तरांना विचारलं.

आणि हेडमास्तर, ज्यांच्या स्वतःच्या इनामाच्या रानात दर सुगीला बायका सरवा वेचत, हात जोडून म्हणाले, "काही नाही साहेब, काढणीनंतरचा कचरा असतो. मुले खेळतात." आपल्या गावातली माणसं भुईवरचं वेचून खातात हे पुण्याच्या माणसापुढं बोलायची त्यांना लाज वाटली. लाज वाटावी असं त्यांनी आयुष्यात पुष्कळ केलं होतं. वाटली ती इथं.

"कचरा नाही, हिच्या घरची भाकरी आहे ती," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता.

साहेब हसले. अशा हसऱ्या तोंडावर काहीतरी फेकून मारावं. "बाई, तुमची भावना समजते. पण पाठ चालू असताना शिस्त मोडू नये. बाळ, ठेव बरं परत."

मी तिला नको म्हणाले, दोनदा म्हणाले. पण मी शाळेची बाई, आणि तो बाईचाही साहेब, हे त्या वयात मुलांना बरोबर कळतं. शिवाय तिनं पाठ ऐकला होता, सगळा, मन लावून. तिनं चवाळं उचललं आणि ज्या ओळी धरून वेचलं होतं त्याच ओळींनी कणसं परत रानात ठेवत गेली. फेकली नाहीत, ठेवली. साहेबांनी पोरांना टाळ्या वाजवायला लावल्या. एक कणीस त्यांनी पुठ्ठ्यात दाबून घेतलं, नमुना म्हणून.

मालकाचा गुराखी केव्हाचा बांधावर खोळंबला होता. ऊन डोक्यावर आलं होतं, जनावरं आवरत नव्हती. जीप चालू झाली आणि त्यानं गुरं आत सोडली. मी पदर खोचून धावले, दोन ओंजळी कणसं हाताला लागली असतील. बाकी गुरांनी खाल्लं, तुडवलं. साहेबांनी जीपमधून मागं वळून गुरांकडं बघितलं आणि जीपशेजारी उभ्या हेडमास्तरांना ते काहीतरी कौतुकाचं बोलले. वर्षभरात हेडमास्तरांना तुळजापूर मिळालं.

होळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीची आई शाळेच्या दारात आली. मुलगी बरोबर होती. आईच्या डोक्यावर पाटी, पाटीत भाकरीचं गाठोडं. मी बाहेर आले. त्या आधी दोनदा मी तिच्या घरी जाऊन आले होते, माझ्या घरची ज्वारी देते म्हणाले होते. तिनं घेतली नव्हती.

"मला येकच सांगा," ती म्हणाली. "पोरीच्या हातातलं काडून घेतलं असतं तर समजलं असतं. हिनं आपल्या हातानं टाकलं म्हणतेत. खरं हाय?"

मी काही बोलायच्या आत मुलगीच बोलली. आईला ती फळ्यावरचं शिकवायची तेव्हाचाच तिचा आवाज होता. "टाकलं न्हाय, माय. जागेवर ठिवलं. निसर्गातलं समदं घ्यायचं नसतंय. येकच घ्यायचं. बाकीचं पाखरांचं आन् मुंग्यांचं असतंय." आणि उत्तर बरोबर आलं की बघायची तसं तिनं माझ्याकडं बघितलं. "व्हय का न्हाय, बाई?"

आईनं पाटी सावरली. माझ्या तोंडाकडं तिनं बघितलं.

"शिकली की वो बाई," ती म्हणाली. "आता बास करा." आणि मुलीचा हात धरून ती सडकेच्या कामाकडं निघाली.