बाहेर गेलेली पुस्तकं

आमच्या वाचनालयात पुस्तकांची वार्षिक पडताळणी दोघांनी करायची असते. एकाने टेबलाशी बसून रजिस्टरातला क्रमांक वाचायचा. दुसऱ्याने कपाटापाशी उभं राहून पुस्तक डोळ्यांनी बघायचं आणि 'आहे' किंवा 'नाही' सांगायचं. वाचायचं काम माझं. कपाटापाशी माझा सहकारी असायचा, पण उभा नसायचा. खिडकीजवळच्या स्टुलावर, कपाटांकडे पाठ करून, चहा पीत तो प्रत्येक क्रमांकाला 'हाय' म्हणायचा. माझा आकडा पुरा होण्याआधीच त्याचा 'हाय' यायचा. पाठीने पुस्तकं ओळखणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

"जरा उठून बघा की," मी एकदा म्हणालो.

"पंडित, पुस्तकाला काय पाय हायत व्हय? कुटं जातंय?"

पाय नव्हते, तरी जात होती. जुनी, देखणी, चित्रांची पुस्तकं तो कापडी पिशवीत घालून कार्यकारिणीच्या सदस्यांच्या घरी पोचवायचा. परत आणायची आठवण कुणालाच राहत नसे. वाचकाने मागितलं की उत्तर ठरलेलं: "बाहेर गेलंय." मी बरीच वर्षं गप्प बसलो. गप्प बसण्याला आमच्याकडे सुसंस्कृतपणा म्हणतात, आणि मला तो शब्द आवडायचा.

मग शाहूवाडीकडच्या एका शिक्षिकेने फोनवर भाताच्या जुन्या वाणांविषयीचं एक पुस्तक विचारलं. रजिस्टरात दरवर्षीची 'आहे'ची खूण होती. मी म्हटलं, या. त्या एसटीने दोनदा आल्या. दुसऱ्या खेपेला रिकाम्या हाताने निघताना म्हणाल्या, "सर, तुम्ही आहे म्हणालात म्हणून रजा टाकली होती." खूण माझ्याच हातची होती.

त्या वर्षीच्या पडताळणीत मी भाताच्या पुस्तकाचा क्रमांक वाचला. "हाय." थोड्या वेळाने आणखी एक क्रमांक आला, तो मला पाठ होता. "हाय," तो म्हणाला. ते पुस्तक त्या वेळी माझ्या घरी होतं.

नोकरवर्गाने नेलेलं पुस्तक कार्डावर नोंदवायची आमच्याकडे रीत नाही. बायकोच्या आजारपणात मी तिच्यासाठी ते प्रवासवर्णन नेलं होतं. ती निम्म्यापर्यंत पोचली आणि गेली. ती थांबली त्या पानात तिच्या माहेरचं, गडहिंग्लजचं, एसटीचं तिकीट खूण म्हणून घातलेलं होतं. ते पुस्तक मी तिच्या उशाशी तसंच राहू दिलं होतं. उघडलंही नव्हतं. परत केलं की कुणीतरी ते तिकीट काढणार, एवढंच माझ्या मनात असे.

मी कार्यवाहांकडे गेलो. "भाताचं पुस्तक कपाटात नाही," म्हणालो.

"बाहेर गेलं असेल."

"कार्डावर नोंद नाही."

"अहो, बाहेर गेलं तरी आपलंच ना? म्हणजे आहेच ते."

नसलेलं पुस्तक पुरावा म्हणून टेबलावर ठेवता येत नाही. जागेवर नसताना 'आहे' ठरलेलं आणि मला उचलून आणता येईल असं पुस्तक एकच होतं. दोन दिवस मी त्याच्याकडे बघत बसलो. तिसऱ्या दिवशी ते कार्यवाहांपुढे ठेवलं आणि म्हणालो, "हे कपाटात आहे अशी परवा खूण झाली. हे माझ्या घरी होतं."

त्यांनी पुस्तकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "म्हणजे, तुम्ही ठेवून घेतलं होतंत?"

चौकशी तत्परतेने झाली. तीत एकच गैरप्रकार आढळला, आणि त्याचा कबुलीजबाब आधीच मिळालेला होता. माझ्या कौटुंबिक दुःखाची दखल घेऊन मला नोकरीवर ठेवण्यात आलं. फक्त देवघेवीच्या टेबलावरून वर्तमानपत्रांच्या खोलीत हलवलं. रजिस्टर कुणातरी विश्वासू माणसाकडे हवं म्हणून ते सहकाऱ्याकडे गेलं.

त्याच दुपारी तो माझ्या खोलीत आला. "पुस्तक जाग्यावर लावलं," म्हणाला. "आत ह्ये हुतं." त्याने तिकीट माझ्या हातात दिलं. छपाई केव्हाच उडून गेलेली, कोरा कागद उरलेला.

"कितव्या पानात होतं?"

"त्ये कोण बघतंय?" तो जायला वळला आणि दारात थांबला. "तुमच्याकडं हाय, ठावं हुतं मला. वैनी गेल्या तवापासनं दोन वरसं 'हाय' म्हणत आलोय. तुम्हीच जाऊन सांगितलासा की."

एवढ्या वर्षांत तो माझ्यासाठी एकच खोटं बोलला होता, आणि पकडून दिलं ते मी. नंतर मी ते पुस्तक कपाटापाशी उघडून बघितलं. पान सापडलं नाही.

पुढच्या पडताळणीला रजिस्टर त्याच्यापुढे होतं आणि कपाटापाशी मी. मी प्रत्येक पुस्तक बघून सांगत होतो. भाताच्या पुस्तकाला "नाही" म्हणालो. "बाहेर गेलंय," असं म्हणत त्याने 'आहे'ची खूण केली. मग प्रवासवर्णनाचा क्रमांक आला. दोन पुस्तकांमध्ये बोटभर जागा मोकळी होती. मी देवघेवीच्या टेबलाकडे गेलो, कार्डं चाळली. गडमुडशिंगीच्या एका वाचकाने ते आठवड्यापूर्वी नेलं होतं. तारीख होती, सही होती.

कार्ड घेऊन मी परत आलो. "बाहेर गेलंय," म्हणालो.

"मंग हायच की," तो म्हणाला आणि खूण केली.

मी कार्ड पुढे धरलं. त्याने ते बघितलं नाही. पुढचा क्रमांक वाचला.