मिनिस्टरांचं कापड

स्वयंपाकघरातल्या एका ड्रॉवरमध्ये प्लॅस्टिकच्या पिशव्या साठतात ना, तसे किस्से साठतात. मुद्दाम कुणी जमवत नाही, पण एक ओढली की चार बाहेर येतात. माझ्या ड्रॉवरमधल्या निम्म्या पिशव्या मिनिस्टरांच्या आहेत.

गेल्या वर्षी, २००७च्या सुरुवातीला, लग्न करून मी न्यूझीलंडमधल्या अप्पर हटला आले. फार्मसिस्टचं रजिस्ट्रेशन होईपर्यंत औषधांच्या एका गोदामात पॅकिंगला लागले. तिथे डिस्पॅचला होते मिस्टर एबो. घानाचे माजी मत्स्योद्योग उपमंत्री! आधी शाळामास्तर, मग खासदार, मग मंत्री, मग निवडणुकीत सपाटून पडले आणि मुलीकडे न्यूझीलंडला आले. मुलगी म्हणाली, "घरात भाषणं नकोत." म्हणून नोकरी धरली.

* * *

मिनिस्टर रोज सकाळी टी-रूममध्ये येऊन उजवीकडून सुरुवात करून एकेकाशी हात मिळवायचे. कुणीही सुटायचं नाही. एकदा कॉपियर दुरुस्त करायला आलेला माणूस रांगेत सापडला, त्याच्याही घरच्यांची चौकशी झाली.

आमची सुपरवायझर शेरिल वैतागून म्हणाली, "अहो, आपण कालच भेटलो!"

"मॅडम, काल भेटलेला माणूस आज दुसऱ्या पक्षात असू शकतो!"

* * *

पॅकिंगमधला ट्रेव्हर त्यांना मोठ्या आदरानं मासेमारीला घेऊन गेला. दिवसभरात एक मासा लागला नाही. मिनिस्टरांना गळाला आमिषही लावता येईना.

"तुम्ही फिशरीज मिनिस्टर होतात ना?"

"होतो की. पण हे सगळं सेक्रेटरी बघायचा."

* * *

एकदा खोकल्याच्या औषधाचं एक खोकं हरवलं. शेरिलनं विचारलं तर मिनिस्टर गंभीरपणे म्हणाले, "मी चौकशी समिती नेमतो."

"स्वीट ॲज, चालेल. जेवणाच्या सुट्टीआधी रिपोर्ट द्या."

खोकं त्यांच्याच खुर्चीमागे निघालं. ते शेरिलकडे गेले आणि म्हणाले, "अहवाल आलाय. पण देशहितासाठी तो जाहीर करता येणार नाही!"

* * *

मग कौन्सिलची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची, निवडणूक आली आणि मिनिस्टर उभे राहिले. आम्ही हसलो. ते हसले नाहीत. मला एकटीला म्हणाले, "माय डॉटर, माझी शेवटची निवडणूक मी हरलोय. शेवटची म्हणून ती राहायला नको."

पण इथली निवडणूक बघून ते खचलेच. सभा नाही, कर्णे नाहीत, मिरवणूक नाही. मतपत्रिका पोस्टानं घरी येते, घरीच भरायची आणि पोस्टानं परत पाठवायची.

"लोक एकटे बसून मत देतात? स्वयंपाकघरात? घोषणाबिषणा न देता?"

सूट घालून ते घरोघर फिरले. पहिल्याच दारात उत्तर मिळालं, "नको मेट, आमच्याकडे ब्रॉडबँड आहे!"

तरीही मिनिस्टर निवडून आले. अगदी घासून, पण आले. ट्रेव्हर म्हणतो, सुटामुळे. पण ट्रेव्हरला हळदीकुंकवाचं बोलावणं नव्हतं.

* * *

त्याचं असं झालं. त्यांच्या बायकोनं, आंटी एफुआनं, मला लग्नाची भेट म्हणून एक कापड दिलं होतं. घानातल्या हरलेल्या निवडणुकीचं उरलेलं प्रचाराचं कापड. भोवती निळे मासे, मधोमध हसणारे मिनिस्टर आणि खाली 'एबोला मत द्या'. माप बरोब्बर ब्लाउजपीसचं.

माझा नवरा निखिल म्हणाला, "शिव ना ब्लाउज. पाठीवर मिनिस्टर!"

मग आपल्याकडची कुठलीही बाई जे करते तेच मी केलं. चेहरा आत जाईल अशी घडी घातली आणि मैत्रिणीच्या, प्राचीच्या ओटीत घातलं.

सप्टेंबरात इथल्याच जोशीकाकूंकडे गौरी होत्या. मी आंटी एफुआला घेऊन गेले. मिनिस्टर बाहेर गाडीत पत्रकं मोजत बसले होते. काकूंनी हळदीकुंकू लावलं, आंटीची ओटी भरली. ओटीतला ब्लाउजपीस लगेच उघडून बघायचा नसतो, हे तिला कुठून माहीत असणार? तिनं घडी उलगडली.

आतून तिचा नवरा हसत होता!

"अगंबाई!" काकू म्हणाल्या. "हे मला शिंदेवहिनींनी दिलं."

"मला प्राचीनं," वहिनी घाईघाईनं म्हणाल्या.

प्राचीनं माझ्याकडे बघितलं. मग सगळ्यांनीच माझ्याकडे बघितलं.

आंटीनं दारातून नवऱ्याला हाक मारली. मिनिस्टर आत आले. उजवीकडून सुरुवात करून सगळ्या बायकांशी हात मिळवले, गौरींना वाकून नमस्कार केला आणि कापडाकडे बघत राहिले.

"एवढ्या घरांत फिरलं? आणि कुणीच उघडून बघितलं नाही?"

"आमच्यात तसंच असतं हो," काकू ओशाळून म्हणाल्या. मग विषय बदलायला म्हणाल्या, "तुमची निवडणूक कशी चाललीय?"

"मतपत्रिका आल्या ना सगळ्यांच्या घरी?"

"आली ना. फ्रिजवर ठेवलीय."

"आमचीपण फ्रिजवरच," शिंदेवहिनी म्हणाल्या.

प्राची गौरींकडे बघायला लागली.

मिनिस्टरांनी कापडाची पुन्हा नीट घडी घातली. स्वतःचा चेहरा आत. आणि दोन्ही हातांनी काकूंना परत दिली.

"हे खुशाल पुढे जाऊ द्या, मॅडम. फ्रिजवरचं पाकीट तेवढं उघडा!"