राष्ट्रगीतानंतरचा हात

पंधरा ऑगस्टला आमच्या गावात दोन सण असतात. एक सगळ्या देशाचा आणि दुसरा मरियामातेचा, तिला स्वर्गात नेलं त्याचा. कॅलेंडरात दोन्ही एकाच चौकोनात येतात, त्याला कुणाचा इलाज नाही. त्यामुळे सकाळी चर्चमध्ये सणाची मिस्सा, म्हणजे मोठी प्रार्थना होते, आणि मिस्सा सुटली की सगळी माणसं घरी न जाता तशीच चर्चच्या अंगणात जमतात. फादर झेंडा फडकवतात, राष्ट्रगीत होतं, मग जिलेबी. रेवदंड्याच्या खाडीपलीकडचं हे गाव लहान आहे. दोन सण एका आंघोळीत उरकले तर सगळ्यांनाच बरं वाटतं.

आमच्याकडे राष्ट्रगीत संपलं की सगळा गाव क्रूसाची खूण करतो. कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा खांदा. हे कुणी शिकवलेलं नाही. सगळ्यांनी उभं राहून एका सुरात काही म्हटलं की त्याचा शेवट असाच होतो, एवढंच आमच्या हातांना माहीत. वसईकडचे एक फादर नवे आले होते, त्यांनी पहिल्याच वर्षी समजावून सांगितलं की बाबांनो, ही प्रार्थना नाही, हे राष्ट्रगीत आहे, इथे खूण करत नाहीत. सगळ्यांनी माना डोलावल्या. पुढच्या वर्षी राष्ट्रगीत संपलं आणि सगळे हात पुन्हा कपाळाला. फादरनी नाद सोडला. मी लहानपणापासून हेच बघत आले, त्यामुळे सगळा देश असंच करत असणार असं मी धरून चालले होते.

अलिबागच्या कॉलेजात बी.एस्सी.ला गेले आणि पहिल्याच आठवड्यात एनसीसीत नाव घातलं. घरी कुणाला विचारलं नाही. विचारून करण्याची मला सवय नाही, हे माझ्या माईचं जुनं दुखणं. माझ्या डोक्यात एकच होतं: दिल्ली. सव्वीस जानेवारीला टीव्हीवर जी परेड दिसते तिच्यात एनसीसीची तुकडी असते, त्या तुकडीत मला चालायचं होतं. त्यासाठी आधी एकामागून एक शिबिरं असतात आणि पहिल्या शिबिराला कॉलेजातून कुणाला पाठवायचं ते आमचे एनसीसीचे सर ठरवत. दोन पावसाळे मी चिखलात बूट आपटले ते त्या एका नावासाठी. पहाटेची एस.टी. चुकली तर मागून येणाऱ्या मासळीच्या टेम्पोत बसून जायची. टेम्पोतून उतरलेल्या कॅडेटच्या शेजारी कुणी आपखुशीने उभं राहत नाही, तेही सोसलं.

दुसऱ्या वर्षी पंधरा ऑगस्टला झेंड्यापाशी उभं राहण्यासाठी सरांनी मला निवडलं. दोरी प्राचार्यांच्या हातात द्यायची आणि मग सॅल्यूट करून उभं राहायचं. शिबिरासाठीचं नाव याच्यावरच ठरणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. गावातली मिस्सा मी जन्मात पहिल्यांदा चुकवणार होते. माई कुरकुरली, पण पपा म्हणाले, "जाऊंदे तिला. झेंडा काय दुसऱ्याचा हाय?"

त्या दिवशी सगळं अगदी नीट झालं. कॉलेजच्या शिपाईकाकांनी सकाळीच झेंड्याच्या खांबाला हळदकुंकू लावून नारळ फोडला होता, खोबऱ्याचा तुकडा आम्हा सगळ्यांना मिळाला होता. प्राचार्यांनी दोरी ओढली, फुलं पडली, मी खाडकन सॅल्यूट ठोकला. राष्ट्रगीत होईपर्यंत माझा हात कपाळाशी ताठ होता. ऊर भरून आला होता, ते लपवत नाही. सगळे लोक माझ्या पाठीमागे उभे आहेत आणि तो वरचा झेंडा थोडासा माझ्यामुळे वर गेलाय, असं काहीतरी वाटत होतं. गीत संपलं. सॅल्यूटचा हात झटकन खाली मांडीपाशी यायला हवा होता. पण हात कपाळाशीच होता ना. तो तिथून छातीवर आला, छातीवरून डाव्या खांद्यावर गेला, तिथून उजव्या. पुरता खांद्यावर टेकला तेव्हा मला कळलं की मी काय केलंय.

मागे कुणी हसलं नाही. मला वाटलं, सुटले. पण हल्ली कुठलाच कार्यक्रम नुसता डोळ्यांनी बघत नाहीत. दुपारी घरी पोचून कोंबडीचा रस्सा नि भाकरी खात होते, तेवढ्यात कॉलेजच्या ग्रुपवर माझा हात आला. फक्त हात, व्हिडिओचा तेवढाच तुकडा कापलेला, पुन्हा पुन्हा फिरणारा. खाली लोकांचं सुरू. राष्ट्रगीताचा अपमान. गणवेशात धर्म कशाला. एकाने लिहिलं, यांच्या घरात अजून पोर्तुगीज बोलतात, यांचा देश समुद्रापलीकडे आहे.

आमच्या घरात एक जुनी बोली बोलतात हे खरंच आहे. पोर्तुगीज गेले, बोली मागे राहिली आणि मराठीत मुरली. मला उत्तर द्यायची इतकी खुमखुमी आली की बोटं शिवशिवायला लागली. म्हणावं, तुमच्या घरचा पाव, तुमचा बटाटा, तुमच्या कपाटाची चावी, सगळे शब्द त्याच गलबतातून उतरलेत. पगाराचा शब्दसुद्धा. तो घेताना कुणी परत पाठवत नाही. लिहिलं आणि पुसलं. बोटांचा राग आला, ग्रुपचा आला, पण सगळ्यात जास्त मला त्या हाताची लाज वाटली आणि लाज वाटल्याबद्दल पुन्हा राग आला. मिस्सा चुकवलेली होतीच, त्यामुळे देवाशी बोलायचीही सोय उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सरांनी बोलावलं. सर वाईट माणूस नव्हते. ते घाबरले होते, आणि घाबरलेला माणूस फार मऊ बोलतो. "बाळा, मला माहीत आहे तू मुद्दाम केलं नाहीस. ग्रुपवर दोन ओळी टाक, चूक झाली, माफ करा. विषय संपतो. नाहीतर शिबिराला तुझं नाव देणं मला अवघड जाईल."

"सर, माफी कुणाची मागू? झेंड्याची मागायची असेल तर आत्ता मैदानावर जाऊन मागते. ग्रुपची मागणार नाही."

"उलट बोलू नकोस."

"ड्रिल चुकली एवढं लिहू? हात खाली यायला हवा होता, आला नाही. ते खरं आहे."

सर म्हणाले, "तेवढ्याने लोकांचं समाधान होणार नाही." मी आठवडाभराची मुदत मागितली. सरांनी दिली.

एनसीसीत माझी एक मैत्रीण होती, आगरदांड्याची, वडील आखातात. परेड संपल्यावर आम्ही बूट काढून मैदानाच्या कडेला बसायचो. तिला मी सगळं सांगितलं. ती बुटाची नाडी सोडत म्हणाली, "तुझा हात सुटला म्हणून बोंब झाली. माझापण सुटतो की. सगळे गप्प उभे राहिले की माझे दोन्ही हात दुआला वर यायला लागतात. मी पँटची शिवण धरून ठेवते, घट्ट. अम्मी विचारते, नखं कशानं तुटली."

मला हे कधी दिसलं नव्हतं. मी तिच्याच शेजारी उभी असायची. त्या दिवशी मी पहिल्यांदा नीट विचार केला, की खांबाच्या नारळाचं खोबरं आम्ही दोघींनी खाल्लं होतं, आवडीने खाल्लं होतं, आणि त्यात आम्हाला काही खटकलं नव्हतं. अजूनही खटकत नाही. माणूस ज्याला फार मानतो त्याच्यापुढे तो आपल्या घरच्या रीतीनेच उभा राहतो, शिपाईकाका नारळाने, आम्ही हाताने. देशावर प्रेम करायला आधी घरची रीत बाहेर चपलांपाशी काढून ठेवावी लागत असेल, तर आत जाणारा माणूस नक्की कोण असतो? हे मी तिला असं काही म्हटलं नाही. तिला म्हटलं, "नखं कापत जा गं."

घरी पपांना सांगितलं. माझे पपा बोटींची इंजिनं दुरुस्त करतात. खाडीतल्या कोळ्यांची अर्धी इंजिनं त्यांच्या हाताखालून गेलेली, नखांतलं काळं नाताळलासुद्धा निघत नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मागून टाक माफी. आपलं काय जातंय?"

"चूक नसताना?"

"चूक कोन बघतो? आपन थोडी मान्सं हाव. थोड्या मान्सांनी गप ऱ्हावं."

मी ताट सरकवून उठले. तुम्ही भित्रे आहात, असं तोंडावर म्हणाले. माई मध्ये पडली. पपांनी माझं ताट पुन्हा माझ्या जागेवर सरकवून ठेवलं, त्यावर झाकण घातलं.

आठवडा संपायच्या आतच सरांनी मला गाठलं. चेहऱ्यावर मोठं ओझं उतरल्याचं समाधान. "तुझे वडील येऊन गेले. फार सज्जन माणूस. प्राचार्यांसमोर हात जोडून माफी मागितली त्यांनी. मी तसं ग्रुपवर कळवलं. शिबिराला तुझं नाव गेलंय."

दोन वर्षं ज्याची वाट बघितली ते वाक्य असं आलं. मला तोंडात मारल्यासारखं झालं. पपा रविवारचा पांढरा शर्ट घालून गेले असणार हे मला न विचारताच कळलं. त्या शर्टाच्या बाहीतून ते काळ्या नखांचे हात बाहेर आले असणार आणि कुणाच्या तरी काचेच्या टेबलासमोर जोडले गेले असणार. मी संध्याकाळी सरळ जेट्टीवर गेले. पपा एका बोटीच्या इंजिनात कोपरापर्यंत होते.

"तुम्ही कशाला गेलात? मी चूक केलेली नव्हती."

त्यांनी वर बघितलं नाही. "चूक केलीस असं मी म्हटलंच न्हाय. मी झेंड्याची माफी मागाया गेलो नव्हतो. पोरीची जागा मागाया गेलो होतो. तिथं तसंच मागावं लागतं."

मी तिथेच फळीवर बसून रडले. पपांनी पुसायला चिंधी दिली, तिला डिझेलचा वास होता. नको म्हणावं, शिबिराला जाऊ नये, असं फार वाटलं. पण मग त्यांचे जोडलेले हात फुकट गेले असते. मी गेले.

दिल्लीचं जमलं नाही. दुसऱ्या शिबिरात माझ्यापेक्षा उंच नि सरस मुली होत्या, त्या पुढे गेल्या. त्याचं दुःख झालं, पण ते सरळ दुःख होतं, त्यात कुणाचा दोष नव्हता. सव्वीस जानेवारीला मी परेड टीव्हीवर बघितली आणि चुकलेलं प्रत्येक पाऊल माईला दाखवून तिला वैताग आणला.

पुढच्या पंधरा ऑगस्टला मी शेवटच्या वर्षाला होते. कॉलेजात झेंड्याची दोरी आता नव्या मुलीकडे होती. गावच्या सणाला जाऊ का, असं मी सरांना विचारलं, त्यांनी पटकन हो म्हटलं. मिस्सा झाली, सगळे अंगणात आले. फादर मला म्हणाले, "तू शिकलेली आहेस, सावधान-विश्राम तूच म्हण." म्हणून मी झेंड्यापाशी, गावाकडे तोंड करून उभी राहिले. आजवर मी नेहमी त्या गर्दीत असायची. गावाचा चेहरा असा समोरून पहिल्यांदाच दिसला. सगळे ओळखीचे, सगळे सणाच्या कपड्यांत.

झेंडा वर गेला. राष्ट्रगीत झालं, नेहमीसारखं मोठ्याने, थोडं बेसूर. संपलं.

एकही हात हलला नाही.

समोरच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या काकांचा हात सवयीने छातीच्या बटणापर्यंत आला, त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि हात खाली नेला. माईने दोन्ही हातांनी पर्स धरली होती. मुंबईहून सणाला आलेली कुणाची तरी सून मोबाईल वर धरून चित्रण करत होती, आणि सगळे त्या मोबाईलकडे बघत होते. पपा दुसऱ्या रांगेत हात मांडीला चिकटवून उभे होते. वसईच्या फादरना जे जमलं नव्हतं ते माझ्या हाताच्या, गावभर फिरलेल्या त्या एका तुकड्याने करून दाखवलं होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. या लोकांनी देशाला आपल्या देवाजवळ बसवलं होतं, आणि आता ते त्या देशालाच घाबरत होते.

सगळे माझ्या "विश्राम"ची वाट बघत होते. मी म्हटलं नाही. मी हात उचलला, सावकाश, सगळ्यांना दिसेल असा, आणि कपाळाला लावला. छातीवर आणला. डाव्या खांद्यावर, उजव्या खांद्यावर. मोबाईल माझ्याकडेच रोखलेला होता.

पपा रांगेतून बाहेर पडले. मला वाटलं, आता हाताला धरून बाजूला नेणार. ते चालत आले आणि त्या मोबाईलच्या आणि माझ्या मध्ये, मोबाईलकडे पाठ करून उभे राहिले. नीट, आपल्या रुंद पाठीने सगळं झाकलं जाईल असे. मग त्यांनी हात कपाळाला लावला.