कुरुमेचा हंडा

कुरुमे गावातल्या त्या गल्लीत शिरलं की आधी वास येई, मग दुकान दिसे. उकळत्या डुकराच्या हाडांचा उग्र वास. परगावची माणसं नाकाला रुमाल लावत. सादाओ कोगाला त्या वासाचा अभिमान होता. रामेनच्या, म्हणजे शेवयांवर ओतायच्या रश्शाचा तिथला हंडा तो एकतीस वर्षं राखत होता. रीत अशी, की हंडा कधी रिता करायचा नाही. रस्सा खाली गेला की त्यातच नवी हाडं, नवं पाणी. दुधाला विरजण लावावं तसं जुन्याने नव्याला वळण लावायचं.

हंडा चढवला होता मुनेनोबूच्या वडिलांनी. मुनेनोबू म्हणजे दुकानाचा मालक, सादाओचा लहानपणचा सोबती. त्याने दुकानं वाढवली. टोकियो, मग पॅरिस, लंडन. तिकडे रस्सा कारखान्यातून पिशव्यांत जाई आणि भिंतीवर या हंड्याचा मोठा फोटो असे.

"फोटो चाटतात वाटतं तिकडे," सादाओ म्हणायचा. हसायचा, पण ते त्याला लागलं होतं.

एका शरदात मुनेनोबूचा फोन आला. "सादा, गुरुवारी लंडनची माणसं घेऊन येतोय. सगळं लख्ख ठेव हां. जुनाट काही दिसायला नको."

"जुनाट म्हणे!" सादाओ दिवसभर धुमसत राहिला.

"अहो, फरशीबद्दल म्हणाले असतील," बायको, फुमिए, म्हणाली. "विचारा तरी."

"मी विचारू? त्याला तोंड नाही?"

बुधवारी दुपारी त्याने जाळ बंद केला. रस्सा उपसून गटारात ओतला. हंड्यात वाकून काथ्याने तळ घासला. फुमिए दारात उभी होती, आत आली नाही.

गुरुवारी मुनेनोबू आला तो हातात झाकणाची स्टीलची किटली घेऊन.

"परवाने काढता काढता वर्ष गेलं, सादा. लंडनला आता खरा हंडा चढवायचाय. बाबांचा रस्सा नेतो एवढा. आणि पहिला महिना तू ये. तुझ्याशिवाय कोण लावणार?"

मुनेनोबूने हंड्याचं झाकण उचललं.

"गल्लीत वास आला नाही," तो हळूच म्हणाला. "मला वाटलं, सर्दी झालीय."

"तूच म्हणालास, लख्ख."

"फरशी रे, सादा. फरशी."

पाहुण्यांपैकी एकाने खुशीत चकचकीत हंड्याचा फोटो काढला.

मुनेनोबू किटली तिथेच ठेवून गेला. दुसऱ्या दिवशी सादाओने पुन्हा जाळ केला. हाडं तीच, पाणी तेच. गिऱ्हाइकं वाडगा उचलून शेवटच्या घोटापर्यंत पीत. दर नववर्षाच्या कार्डावर मुनेनोबू एवढंच विचारी, "झाला का?" सादाओ उलट लिही, "अजून नाही."

आठ वर्षं असं चाललं. यंदा कार्ड आलं ते मुनेनोबूच्या मुलीचं. घरात सुतक आहे, नववर्षाच्या शुभेच्छा पाठवू नयेत.

सादाओने फळीवरची किटली काढली, पुसली, काठोकाठ भरली. झाकण लावण्याआधी एक घोट घेतला. तोंडात घोळवत बराच वेळ उभा राहिला.

मग त्याने किटली परत हंड्यात ओतली.