मासोळीचं पाणी

आरमोरी, ८ मे १९८८

संपादक मंडळास आणि हा गौरवग्रंथ वाचणाऱ्या सर्वांस,

आधी क्षमा मागतो. तुमच्या तीन पत्रांना मी उत्तर दिले नाही. कामाची गर्दी हे कारण लिहून पाहिले, पण ते खरे नव्हते. तुळशीरामजी मेश्राम यांच्या साठीनिमित्तच्या या ग्रंथासाठी माझे नाव स्वतः त्यांनीच सुचवले, असे तुम्ही तिसऱ्या पत्रात कळवलेत. त्यांनी माझेच नाव का सुचवले असावे, या प्रश्नावर मी महिनाभर अडून बसलो आहे.

मी त्यांच्या गावी ग्रामसेवक म्हणून रुजू झालो तेव्हा सरपंच कार्यालयात नव्हते. तलावाच्या तुडुमापाशी, म्हणजे जिथून शेतांना पाणी सोडतात त्या दगडी तोंडापाशी, ते गुडघाभर पाण्यात उभे होते. हातात खुणा केलेली सागाची काठी होती. त्यांनी "जय भीम" म्हटले, मी "नमस्कार" म्हटले. "इथी खुर्ची नाई, भाऊ. पाण्यात उतरा, मंग बोलू," असे ते हसून म्हणाले. मी बूट काढले नाहीत. त्या दिवशीच्या माझ्या डायरीत 'माणूस दिसतो तितका साधा नसावा' असे वाक्य आहे. त्याला आधार काहीच नव्हता.

त्या उन्हाळ्यात तलाव झपाट्याने उतरत होता. तलावाखालचे शेतकरी तुडुमाचे खालचे भोकही उघडा म्हणत होते. ते उघडले असते तर तळ दिसला असता आणि मासेमारीवर जगणाऱ्या ढीवरांच्या वीस-पंचवीस घरांची मासोळी चिखलात तडफडून मेली असती. त्यातच नाल्याच्या एका डोहात कुणीतरी फवारणीचे औषध टाकून मासे धरल्याचे उघडकीला आले. तुळशीरामजींनी पंचायतीत ठराव आणला. तुडुमाच्या दगडावर आखलेल्या रेघेखालचे पाणी कुणी सोडायचे नाही आणि औषधाने मारलेली मासोळी कुणी विकायची नाही. त्यांच्या स्वतःच्या भावाचे धान त्या पाण्यावर होते. तरी त्यांनी आधी स्वतःचा हात वर केला. हे पाहूनही मला वाटले, मासे धरणाऱ्या एखाद्या ठेकेदाराशी यांचे काही ठरले असावे.

ठरावाची सूचना मी लिहिली. पाटबंधारे खात्याच्या कागदात तळच्या पाण्याला मृत साठा म्हणतात. बी. ए. झालेला मी, योग्य शब्द सापडला म्हणून खूश होतो. 'तलावातील मृत साठ्यास कोणीही हात लावू नये' हे पहिले कलम आणि औषधाचे दुसरे. कोतवालाने दवंडी दिली. गावाने दोन्ही कलमे एका दमात ऐकली आणि अर्थ लावला की तलावात औषध पडले आहे आणि मासोळी मेली आहे.

पुढच्या बाजारी सीताबाई ढीवरीण भरली टोपली घेऊन परत आल्या आणि ती त्यांनी कार्यालयाच्या पायरीवर ठेवली.

"भाऊ, ह्या टोपलीत उड्या मारून राह्यल्या, अन् लोक म्हंतेत का मेल्या साठ्यातल्या हायेत. आता म्या काय करू? लेकरायले काय चारू?"

मी तोंड उघडण्यापूर्वीच आतून तुळशीरामजी आले. "बाई, शब्द मायाच होता. मायी चूक झाली," असे त्यांनी सांगितले.

चूक त्यांनी अंगावर का घेतली, याचा मला उलट संशय आला. त्याच आठवड्यात तिन्हीसांजेला ते एकटेच पत्र्याचा डबा घेऊन तुडुमाकडे जाताना दिसले. डब्यात पांढरी भुकटी होती. मी घरी जाऊन गटविकास अधिकाऱ्यांना पत्र लिहिले की सरपंच तलावात काहीतरी टाकत असल्याचा संशय आहे. खाली सही केली नाही. सकाळच्या बसने टपाल गेले आणि त्यानंतर मी तुडुमाकडे गेलो. पाण्याने पुसलेली रेघ चुन्याने नव्याने ओढलेली होती.

सरपंच एखाद्या मालगुजाराचे, जुन्या जमीनदाराचे, चिरंजीव असते तर मी ते पत्र लिहिले असते का? हा प्रश्न मी डायरीत लिहिला आणि खालचे पान कोरे सोडले. ते अजून कोरे आहे.

पुढच्या बाजारी तुळशीरामजी आरमोरीला सीताबाईंच्या टोपलीशेजारी बसले. तीन दगडांची चूल मांडून त्यांच्या पत्नी देवकाबाईंनी मासोळी शिजवली आणि दोघे भर बाजारात जेवले. एक गिऱ्हाईक म्हणाले, "सरपंच, तुमी उद्यापर्यंत जगले तं घेऊ."

"जगीन ना. पण उद्या टोपलीत काई उरन का नाई, थे बाईले विचार," असे म्हणत त्यांनी काटा काढून ठेवला. दुपारपर्यंत टोपली रिकामी झाली.

चौकशीसाठी त्यांना पंचायत समितीत बोलावले गेले. तिथे काय झाले ते त्यांनी कुणाला सांगितले नाही. परतल्यावर माझ्या टेबलाशी आले आणि सूचना नव्याने लिहायला सांगितली. "साठा-बिठा कायले? मासोळीचं पाणी लिवा. सारे समजतेत." मग जरा थांबून, "फलक तुमीच रंगवा. तुमचा ळ लय गोल हाय, लांबून ओळखू येते."

त्यांना ते पत्र दाखवले गेले होते का? की ते खरोखर फक्त अक्षराबद्दल बोलत होते? सहा वर्षे मी ते वाक्य उलटून-पालटून पाहत आहे. त्यानंतर मला ताप आला तेव्हा त्यांनी बैलगाडी जुंपून दवाखान्यात नेले, आणि मी गाडीतही त्यांचा चेहरा वाचत होतो. त्यावर काहीच लिहिलेले नव्हते.

रेघेखालचे पाणी आजही कुणी सोडत नाही. मात्र बाजारात तुळशीरामजींना अजून 'मेल्या साठ्याचे सरपंच' म्हणतात. सीताबाई तर तोंडावर म्हणतात आणि ते हसतात. तो शब्द माझा होता. ते पत्रही माझे होते. त्यांनी माझे नाव का सुचवले हे मला कळलेले नाही, आणि ते कळेपर्यंत थांबायचे नाही एवढे ठरवले आहे.

तुळशीरामजींचे गुडघे अजून अनेक उन्हाळे तलावात उतरण्याइतके धड राहोत, आणि देवकाबाईंसह त्यांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो.

उद्याचे काम: हा लेख छापायला देण्याआधी पहिल्या बसने जाऊन सीताबाईंना वाचून दाखवणे.