उज्वलाचा डावा पाय

“तुझा डावा पाय क्लचवरून कधी उठतच न्हाई. जळली प्लेट. आता करा येळवस गोड,” वैजनाथनं तिसऱ्यांदा तेच ऐकवलं.

उज्वला भज्जीसाठी, सणाच्या मिसळभाजीसाठी, तुरीच्या शेंगा सोलत होती. तिनं हात थांबवले नाहीत. उद्या येळवस, म्हणजे वेळा अमावास्या; आंबील, भज्जी, बाजरीचे उंडे घेऊन सगळं घर शेतात जायचं, आणि ट्रॅक्टर शेडमध्ये अडून बसला होता. इंजिन चालू व्हायचं, पण क्लच दाबून गिअर टाकायला गेलं की नुसतं कर्र व्हायचं. अहमदपूरच्या मृत्युंजय मिस्त्रीनं फोनवरच सांगून टाकलं होतं, मधून फोडून उघडावा लागंल, सण झाल्यावर बघू.

सासू गुणाबाईनं लेकाची बाजू घेतली. बाईमाणसाच्या हाती स्टिअरिंग दिलं तेव्हाच आपण बोललो होतो, असं ती चुलीकडं तोंड करून म्हणाली. वैजनाथला जोर चढला. नवी प्लेट बसली की ट्रॅक्टरला आपल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही, असं त्यानं सुनावलं.

हे मात्र उज्वलाला लागलं.

ती भोकरकडची. तिचे वडील शेषेराव जन्मभर दुसऱ्यांचे ट्रॅक्टर चालवत. त्यांचा डबा घेऊन शेतात जायची ती बाराव्या वर्षी मडगार्डवर बसली आणि सोळाव्या वर्षी सीटवर. सासरी मात्र दोन वर्षं शेडपासून फाटकापर्यंतच चालवू दिलं. गेल्या मृगात वैजनाथचा हात मोडला, तेव्हा अकरा एकरांची पेरणी तिनं एकटीनं उरकली. तासं इतकी सरळ, की शेजारचे धुऱ्यावर उभे राहून बघत होते. गाव तिला टॅक्टरवाली म्हणायला लागलं. गुणाबाई त्यावर नाक मुरडायची, आणि पाहुण्यांना ते नाव स्वतःच सांगायची.

उज्वलानं शेंगांचं सूप बाजूला ठेवलं.

“सोमवारी भरली ट्रॉली चढावर वढली का न्हाई यानं?”

“वढली,” वैजनाथ म्हणाला.

“जळका वास आला?”

“न्हाई.”

“जळलेली प्लेट चढाला घसरती. ही सुटंनाच. म्हंजे चिकटलीय.”

कशानं, हे तिनं विचारलं नाही. मंगळवारी सणासाठी म्हणून वैजनाथनंच मोटारीचा पाइप लावून ट्रॅक्टर धुतला होता, खालून गिअरबॉक्सपर्यंत चिखल उडवत, आणि ओलाच शेडमध्ये लावला होता. त्यावर तीन दिवस धुई आणि हाडं गोठवणारी थंडी. थंडीत वडील धुतलेला ट्रॅक्टर तासभर चालवल्याशिवाय कधी उभा करत नसत. मग क्लचचं पेडल दाबून त्याला लाकडी टेकू देत, म्हणजे ओलीनं प्लेट गंजून चिकटत नसे. मंगळवारचं धुणं आता वैजनाथलाही आठवलं असावं, कारण तो पाइपाच्या वेटोळ्याकडं बघत होता.

तिनं आधी पेडल हातानं दाबून पाहिलं. वरची ढील, म्हणजे पेडलची मोकळी चाल, बरोबर होती. मग इंजिन अर्धा तास गरम होऊ दिलं. तरी कर्र. तेव्हा तिनं ते बंद केलं, दोन्ही ब्रेक पट्टीनं एकत्र जोडले आणि सगळ्यांना मागं, भिंतीशी उभं केलं. शेडसमोर सोयाबीन काढून मोकळं पडलेलं रान होतं. बंद इंजिनातच वरचा गिअर टाकला, डाव्या पायानं क्लच पार खाली दाबला आणि किल्ली फिरवली.

ट्रॅक्टर क्लच दाबलेला असतानाच पुढं उडाला. गुणाबाईनं पदर तोंडाला लावला. उज्वलानं हातानं रेस वाढवली, उजव्या पायानं ब्रेक मारला. इंजिन गुदमरून बंद पडलं. पुन्हा तेच. वैजनाथ हात वर करून बास म्हणाला. तिनं तिसऱ्यांदा किल्ली फिरवली. ब्रेक, हिसका, आणि खाली कुठंतरी थाडकन आवाज. प्लेट सुटली होती; ट्रॅक्टर जागीच उभा राहिला. इंजिन मात्र चालूच होतं.

तिनं गिअर काढला, घातला, पुन्हा काढला. लोण्यात सुरी जावी तसा. रानाला दोन चकरा मारून, ढेकळं उडवून ती शेडसमोर आली, तेव्हा गुणाबाई शेजारच्या नीलाबाईला कुंपणावरून सांगत होती, की मिस्त्री फोडा म्हणत होता, आमच्या सुनंनं बसल्या जागी सोडवला.

वैजनाथ जवळ आला, मडगार्डवर हात ठेवला. उतर, मी लावतो आत, असं पुटपुटला.

उज्वला उतरली नाही.

“उद्या येळवशीला टॅक्टर मी नेणार,” ती म्हणाली आणि सासूकडं हात केला. “आत्याबाई ट्रॉलीत, तुमी आंबिलीचं मडकं धरून त्यांच्याजवळ. आन् हितून पुढं ह्याला धुणारबी मीच.”