पाटीसमोर थांबलेला ट्रॅक्टर

गेली चाळीस वर्षं मी रोज सकाळी गणपतीचं स्तोत्र म्हणतो. खंड असा कधी पडला नाही. पण खरं सांगायचं तर त्या दिवसापर्यंत मी देवावर काही सोपवलंच नव्हतं. स्तोत्र म्हणायचं आणि मग सगळं आपणच बघायचं, अशी माझी पद्धत. आयुष्य शाळेत गणित शिकवण्यात गेलं, त्यामुळे आकडेमोड माझी आणि आशीर्वाद त्याचा, अशी वाटणी मी परस्पर करून टाकली होती. त्याला विचारलं नव्हतं.

निवृत्तीनंतर बिबवेवाडीतला फ्लॅट विकून आम्ही दोघं धायरीच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी एका गावात राहायला आलो. हट्ट माझा. बायको म्हणाली होती, "अहो, आधी घर तरी उभं राहू द्या." पण समोर उभं राहूनच बांधून घ्यायचं म्हणून मी प्लॉटच्या कडेला पत्र्याची खोली ठोकली आणि संसार तिथे हलवला. चैत्रात ती खोली तव्यासारखी तापायची. बायको तक्रार करत नव्हती, नुसती कॅलेंडरवर रोज एक फुली मारायची. तिच्या डोक्यावरचं पक्कं छप्पर मी काढून घेतलं होतं आणि तसंच पक्कं परत देईन असा शब्द दिला होता.

आमच्या मागच्या हद्दीला लागून कडुनिंबाखाली शेंदूर लावलेला एक दगड आहे. गावाचा म्हसोबा. त्याच्याकडे जाणारी जुनी गाडीवाट आमच्या जागेतून जायची. शेजारच्या मळ्यातले आबा, ऐंशीच्या घरातले, रोज सकाळी सहाला तांब्याभर पाणी घेऊन त्या वाटेने जायचे. माझ्या सिमेंटच्या गोण्यांशेजारून कोणी ये-जा करतंय हे मला खपेना. मग पुण्याच्या माणसाने जे केलं असतं तेच मी केलं. वाटेच्या दोन्ही टोकांना पाट्या लावल्या. 'खासगी जागा. येथून वाट नाही. देवदर्शनास रस्त्याने जावे.' शुद्धलेखन दोनदा तपासलं. भांडायला कोणी आलं नाही. आबा दुसऱ्या दिवशी पाटीसमोर थांबले, वाचली आणि मागे फिरले. बायको म्हणाली, "त्यांना वाईट वाटलं असेल हो." मी म्हणालो, "रस्ता आहे की." रस्त्याने केवढा मोठा वळसा पडतो, हे मला ठाऊक होतं.

स्लॅबचा दिवस उजाडला. मिस्त्री आदल्या दिवशी म्हणाला होता, "सर, पान्याचा एक टँकर आनून ठिवा." मी त्याला कागदावर मांडून दाखवलं, की बोअरचं पाणी पुरून उरेल. सकाळी तो म्हणाला, "म्हसोबाला नारळ द्या, शेजार हाय." मी म्हणालो, आमचा गणपती आहे, आणि खोलीतल्या तसबिरीपुढे नारळ फोडून मोकळा झालो. आठ वाजता मिक्सर सुरू झाला. डोक्यावर घमेली घेतलेल्या बायामाणसांची रांग वर चढू लागली. अकराच्या सुमाराला निम्मा स्लॅब झाला आणि बोअरची मोटर जळाली.

पिंपं बघता बघता रिकामी झाली. मिक्सर थांबला. मिस्त्री वरून उतरला आणि हळूच म्हणाला, "सर, स्लॅब एका दमात व्हावा लागतो. या उन्हात तासाभरात कड सुकंल. मग जोड पडतो. त्यातनं जन्मभर गळंल." मी टँकरवाल्यांना फोन लावत सुटलो. एक म्हणाला चार वाजतील, एकाने उचललाच नाही, तिसऱ्याने उद्याचं बोला म्हणून ठेवून दिला. माणसं सावलीला बसली. वरचं ओलं काँक्रीट कडेने पांढरट पडायला लागलं होतं. बायको ताकाची पातेली घेऊन उभी होती. मला तिच्याकडे बघवेना.

तोंड लपवायला म्हणून मी मागे कडुनिंबाकडे गेलो. स्तोत्र म्हणायला लागलो, तर दुसरी ओळच आठवेना. चाळीस वर्षं रोज म्हटलेलं! पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडलो. समोर तो शेंदरी दगड होता, इतक्या महिन्यांत मी त्याच्यापुढे एकदाही उभा राहिलो नव्हतो. मी हात जोडले आणि तोंडातून एवढंच आलं, "माझं गणित चुकलं. मला आता काही सुचत नाही. तूच बघ." हे मी गणपतीला म्हणालो की म्हसोबाला, मला सांगता येणार नाही. त्या क्षणी तो भेद माझ्यापाशी उरला नव्हता.

तेवढ्यात रस्त्याकडून ट्रॅक्टरचा आवाज आला. मागे पाण्याची टाकी. चालवत होती आबांची सून, बाजूला आबा तांब्या धरून बसलेले. ट्रॅक्टर थेट वाटेच्या तोंडाशी आला आणि माझ्या पाटीसमोर थांबला. इंजिन चालू ठेवून तिने विचारलं, "काका, हितं पाटी हाय. आत आनू का?"

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. मी दोन्ही हातांनी पाटी हलवायला लागलो. पक्की रोवली होती, माझं काम ते. अखेर उपटली, बाजूला फेकली आणि म्हणालो, "आण बाई, आण." आबा म्हणाले, "मिक्सर गप झाला. स्लॅबाच्या दिवशी मिक्सर गप झाला म्हंजे कायतरी आडलंय." त्यांच्या विहिरीवरून टाकीच्या तीन खेपा झाल्या. ऊन कलताना मिस्त्री शेवटचा हात फिरवून खाली उतरला. "जोड न्हाय पडला सर," म्हणाला, आणि मी सगळ्यांसमोर रडलो.

स्लॅबच्या जिलब्या वाटताना मी आबांच्या सुनेला विचारलं, "नेमक्या त्या वेळी तुम्ही इकडे कशा?" ती म्हणाली, "आदी आबा सकाळीच पायी जाऊन यायचे. आता रस्त्यानं लांब पडतं, गुडघा साथ दीत न्हाय. म्हनून मी अकराला पलीकडं डाळिंबाला पानी घेऊन निघते, तवा वाट वाकडी करून त्यांना देवापाशी सोडते." हातातलं जिलब्यांचं ताट मी खाली ठेवलं. मी आबांची वाट बंद केली नसती तर ते सहालाच येऊन गेले असते आणि अकराला हा ट्रॅक्टर इकडे फिरकला नसता. माझा कोतेपणासुद्धा देवाने वाया जाऊ दिला नाही, त्यातूनच मला पाणी पाठवलं. याने माझा गुन्हा माफ होतो असं मी म्हणत नाही. मला लाज वाटली, आणि त्या लाजेइतकीच कृतज्ञता वाटली.

दुसरी पाटीही मी त्याच संध्याकाळी आबांच्या देखत काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला आबा आले आणि पाटी नसतानाही ती होती त्या जागी थांबले. मी धावत गेलो, "आबा, या. वाट तुमचीच आहे." ते जाऊन म्हसोबाला पाणी घालून आले. तांब्यात थोडं शिल्लक ठेवलं होतं. ते माझ्यापुढे धरून म्हणाले, "नव्या स्लॅबाला पानी लागतं. मला शिडी चढवत न्हाय, तुमी घाला." स्लॅबवर मातीचे बांध घालून आम्ही टाकीतलं उरलेलं भरपूर पाणी साठवलं होतं, त्या घोटभर पाण्याची गरज काहीच नव्हती. तरी मी तांब्या दोन्ही हातांत धरून शिडी चढलो. खालून बायको बघत होती. पाणी ओतताना स्तोत्राची दुसरी ओळ आपोआप आठवली.